ग्वांगझूचे बाजाररस्ते : व्यापाऱ्यासाठी एक अभ्यास

चीनला जाऊन आलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो भावाचा. काय स्वस्त आहे, कितीला मिळते, आणायला परवडते का? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. भाव आज आहे तो उद्या बदलतो. मात्र ज्या रस्त्यांवर तो भाव तयार होतो त्या रस्त्यांची रचना, त्यांची वेळ आणि त्यांची शिस्त लवकर बदलत नाही. म्हणून या लेखात दक्षिण चीनमधील ग्वांगझू या महानगराचे काही प्रसिद्ध बाजाररस्ते पाहायचे आहेत. पहाटेचे, दुपारचे आणि रात्रीचेही. कापड व तयार कपड्यांच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांना त्यातून काय घेता येईल, आणि काय घेऊ नये, याचा विचार करायचा आहे.

शहर आणि आपला जुना संबंध

ग्वांगझू म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या बोलण्यातले कॅन्टन. मोती नदीच्या काठी वसलेले हे ग्वांगदोंग प्रांताचे राजधानीचे शहर. २०२० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १ कोटी ८६ लाखांवर गेली. येथे १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरद ऋतूत, कॅन्टन फेअर हा निर्यातीचा मोठा मेळा भरतो.

मुसलमान व्यापाऱ्यांना हे शहर हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. अरब व्यापारी त्याला खानफू म्हणत. सुलेमान ताजिर या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इसवी सन ८५१ च्या वृत्तांतात नमूद आहे की, खानफूमध्ये मुसलमानांचे आपसातले तंटे मिटवण्यासाठी चीनच्या राजाने त्यांच्यातलाच एक माणूस नेमला होता. परक्या मुलखात ही इज्जत तलवारीने मिळालेली नव्हती, ती व्यवहारातल्या सचोटीने मिळाली होती. पुढे सन ८७९ च्या सुमारास हुआंग चाओच्या बंडात येथे परदेशी व्यापाऱ्यांची मोठी कत्तल झाली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

आपल्या कोकणाचा संबंध त्यानंतरचा. १७५७ पासून १८४२ पर्यंत चीनने युरोपीय व्यापाऱ्यांना समुद्रमार्गे फक्त याच एका बंदरात धंदा करू दिला. सरकारी परवाना असलेल्या चिनी पेढ्यांमार्फतच सौदा होई. नदीकाठच्या त्या वखारींच्या भागाला शीसानहांग, म्हणजे तेरा पेढ्या, असे नाव पडले. मुंबईहून तेथे कापूस जाई, आणि त्याहून मोठ्या नफ्याची अफूही जाई. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या या चीन व्यापारात मोतीचंद अमीचंद यांच्याबरोबर मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान व्यापारीही भागीदार होते. त्या पैशातून मुंबईत धर्मादायाची कामे उभी राहिली हे खरे आहे. त्या अफूने चीनमधली लाखो घरे बसली हेही तितकेच खरे आहे. १८३९ मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू याने अफूचा साठा नष्ट करविला, इंग्रजांनी युद्ध पुकारले आणि १८४२ च्या नानकिंग तहाने ती जुनी व्यवस्था संपली. जो माल खपतो तो विकण्याजोगा असतोच असे नाही, हा या शहराचा पहिला धडा. लेखाच्या शेवटी तो पुन्हा कामाला येईल.

बीजिंग रोड : पायाखालचा बाजार

युएश्यू विभागातला बीजिंग रोड हा शहराच्या जुन्या मध्यवस्तीतला पादचारी रस्ता आहे. २००२ मध्ये येथे खोदकाम सुरू असताना रस्त्याखाली रस्त्यांचे अकरा थर सापडले. तांग राजवटीच्या काळापासून ते विसाव्या शतकातल्या प्रजासत्ताकाच्या काळापर्यंतचे. ते बुजवून न टाकता जाड काचेखाली तसेच ठेवले आहेत. गिऱ्हाईक खरेदी करत चालते आणि पायाखाली हजार वर्षांपूर्वीची फरसबंदी दिसते.

व्यापाऱ्याने यातून काय समजावे? एकाच जागी हजार वर्षे बाजार टिकतो तो केवळ योगायोगाने नाही. कचेऱ्या, घाट, देवळे आणि वस्ती यांच्या मधोमध ही जागा आहे. दुकानासाठी जागा घेताना आपण भाडे आधी पाहतो आणि माणसांची वहिवाट नंतर पाहतो. क्रम उलटा हवा.

येथे एक छोटी पण उपयोगाची गोष्ट सांगतो. दुकानांच्या पाट्यांवर आकडा आणि त्यापुढे ‘झ’ असा उच्चार असलेले चिनी अक्षर दिसते. हे सवलतीचे चिन्ह. ‘८ झ’ म्हणजे आठ टक्के सूट नव्हे. मूळ किमतीच्या दहा भागांपैकी आठ भाग द्यायचे, म्हणजे वीस टक्के सूट. आकडा जितका लहान तितकी सूट मोठी. तसेच सुकामेवा, चहा, औषधी मुळ्या यांचे भाव किलोने नसून बहुधा ‘जिन’ने सांगतात. एक जिन म्हणजे अर्धा किलो.

शांगशियाज्यू : छपराखालचा रस्ता

पश्चिमेकडे लीवान विभागात शांगशियाज्यू हा दुसरा प्रसिद्ध रस्ता आहे. १९९५ मध्ये तो पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला गेला. येथील इमारतींना छीलोउ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्या मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. वरचा मजला खांबांवर पुढे काढलेला, त्याखालून पायवाट आणि आत दुकान. वर राहणे, खाली धंदा.

ग्वांगझूत ऊन कडक आणि पाऊस मुसळधार असतो. या छपराखालून गिऱ्हाईक न भिजता एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते. मालकाने आपली काही हात जागा सगळ्यांच्या वाटेसाठी सोडली, म्हणून सगळ्यांचाच धंदा वाढला. आपल्याकडे मात्र पावसाळ्यात प्रत्येक दुकानदार आपल्यापुरती ताडपत्री बांधतो, आणि तिचे पाणी शेजाऱ्याच्या पायरीवर पडते. एकमेकांच्या सोयीची वाट ठेवणे ही नेकी आहेच, पण तो हिशोबाचाही भाग आहे.

रात्रीचा रस्ता कसा वाचावा

ग्वांगझूची रात्र प्रसिद्ध आहे. बीजिंग रोड आणि शांगशियाज्यू दिव्यांनी उजळतात. नदीतून रोषणाई पाहण्यासाठी नौका फिरतात. २०१० मध्ये खुला झालेला ६०० मीटर उंचीचा कॅन्टन टॉवर रंग बदलत राहतो. जेवणानंतर सहकुटुंब बाहेर पडायची येथील लोकांना सवय आहे. पाझोउ भागात बिअरच्या कारखान्याच्या आवारात नदीकाठी मद्यालयांची रांगही आहे. तिकडे आपले काही काम नाही. परमुलखात धंद्यासाठी गेलेल्या माणसाची वेळ आणि पैसा दोन्ही अमानत असतात.

पण रात्रीचा रस्ता व्यापाऱ्याने टाळू नये, कारण त्याचा धंद्याशी थेट संबंध आहे. १९७८ च्या अखेरीस चीनने आर्थिक धोरण बदलले. ग्वांगझूतल्या गावोगाव पाठवलेल्या आणि परत आलेल्या बेकार तरुणांनी पथारी टाकून कपडे विकायला सुरुवात केली. १९८० मध्ये गाओदी गल्लीत असा खाजगी विक्रेत्यांचा कपडाबाजार सुरू झाला. १९८४ मध्ये बीजिंग रोडलगतच्या शीहू रस्त्यावर दिव्यांच्या उजेडातला रात्रबाजार भरू लागला. हाँगकाँगमध्ये चालणारी फॅशन येथे लगेच उतरे आणि येथून चीनभर जाई. दिवसा नोकरी करणारा माणूस संध्याकाळीच खरेदीला मोकळा असतो, एवढी साधी गोष्ट त्या पथारीवाल्यांनी ओळखली होती. तो रात्रबाजार पुढे उठला, पण ज्यांनी तेथे पहिली कमाई केली त्यांच्यातले अनेक जण मोठे घाऊक व्यापारी झाले.

आजच्या रात्रीच्या रस्त्यावर फिरताना व्यापाऱ्याने तीन गोष्टी टिपाव्यात. पहिली, तरुण मुलेमुली प्रत्यक्ष अंगावर काय घालतात. काचेतला पुतळा काय घालतो ते दुय्यम आहे. दुसरी, कोणत्या दुकानातून लोक पिशवी घेऊन बाहेर पडतात. गर्दी असणे आणि विक्री होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी, कोणता माल मोठी सूट देऊन काढला जात आहे. ज्याच्यावर ‘३ झ’ची पाटी लागली तो माल तेथे मरत आहे. तोच माल दुसऱ्या दिवशी घाऊक बाजारात कोणी आपल्याला ‘नवा’ म्हणून स्वस्तात देऊ लागला, तर त्या स्वस्ताईचे कारण आपल्याला आदल्या रात्रीच कळलेले असते.

पहाटेचा रस्ता

रात्री जे दिसते त्याचे मूळ पहाटे पाहायला मिळते. ज्या भागात परदेशी वखारी होत्या त्याच शीसानहांग भागात आज तयार कपड्यांचा मोठा घाऊक बाजार आहे. तो भल्या सकाळी सुरू होतो आणि दुपारी आवरायला लागतो. मोठमोठ्या गाठी, हातगाड्या, धावणारे हमाल आणि अरुंद गाळे असे हे दृश्य मंगलदास मार्केट पाहिलेल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही. दुपारी जेवून निवांत निघालेल्या पाहुण्याला मात्र बंद शटर पाहावे लागते.

अशा बाजारात एकेक नग विकत नाहीत. पहिला प्रश्न येतो तो किती नग घेणार हा. रेल्वे स्टेशनजवळचा बाइमा हा १९९३ पासूनचा कपड्यांचा घाऊक बाजार, झानशी रस्त्यावरची पादत्राणे व घड्याळे, यीदे रस्त्यावरची खेळणी आणि सुकी मासळी, असा एकेका मालाचा एकेक रस्ता ठरलेला आहे. मुंबईतही पूर्वीपासून तांब्याचा, सराफीचा, कापडाचा असा वेगळा बाजार आहेच. एका मालाची शंभर दुकाने शेजारी असली की गिऱ्हाईक लांबून येते, आणि भाव लपून राहत नाही.

भाषेची अडचण बोटांनी भागते. चिनी माणूस एका हाताच्या बोटांनी एकपासून दहापर्यंत आकडे दाखवतो. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी ताठ, आठ म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताठ. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा होतो. फरक इतकाच की येथे तो उघड्यावर होतो. तरीही ठरलेला आकडा कागदावर लिहून घ्यावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनात स्पष्ट आहे, आणि परमुलखात तिचे महत्त्व अधिकच पटते.

कापडाचा रस्ता : मोजमापाचा धडा

आमच्या कापडवाल्यांसाठी या शहरातला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे हायझू विभागातला झोंगदा बाजार. सुन यत्सेन विद्यापीठाच्या शेजारी असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले. मेट्रोच्या आठ क्रमांकाच्या मार्गावरून तेथे जाता येते. कापड, अस्तर, लेस, बटणे, चेन, लेबल या सगळ्यांची हजारो दुकाने येथे एकमेकांना लागून आहेत. दुकानात गाठी नसतात, नमुन्यांचे तुकडे टांगलेले असतात. तुकडा पसंत करा, शेडकार्ड पाहा, मग माल गोदामातून येतो.

येथे ज्यांच्यामुळे नुकसान होते त्या बाबी क्रमाने सांगतो.

१. वार की मीटर? भाव कधी मीटरवर, कधी वारावर सांगतात. वाराला तेथे ‘मा’ म्हणतात. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर. समजा ५,००० चा सौदा मीटर समजून केला आणि माल वाराने आला, तर हातात ४,५७२ मीटर पडतील. ४२८ मीटर कापड कागदावरच राहील. १४ युआन वार म्हणजे १५.३१ युआन मीटर, हे तोंडी पाठ असावे.

२. पन्हा. ५८ इंच सांगितलेल्या पन्ह्यात दोन्ही काठांवर यंत्राच्या सुयांची भोके असतात. वापरता येणारा पन्हा ५६ इंच निघाला तर सुमारे साडेतीन टक्के कापड गेले. म्हणून ‘कापता येणारा पन्हा किती’ असेच विचारावे.

३. वजन. होजिअरीचे विणलेले कापड किलोने विकतात. त्याची जाडी चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये सांगतात, तिला जीएसएम म्हणतात. समजा १८० जीएसएम आणि पावणेदोन मीटर पन्ह्याचे ५०० किलो कापड घेतले, तर सुमारे १,५८७ मीटर यायला हवे. तेच कापड १९५ जीएसएमचे निघाले तर १,४६५ मीटरच येईल. वजन बरोबर, बिल बरोबर, पण १२२ मीटर कमी! म्हणून १०० चौरस सेंटिमीटरचा गोल कटर आणि छोटा काटा बरोबर ठेवावा. कापलेल्या गोलाचे ग्रॅममधले वजन शंभरने गुणले की जीएसएम मिळते. गुंडाळीच्या पुठ्ठ्याच्या नळीचे आणि प्लॅस्टिकचे वजन धरलेले आहे की वगळलेले, हेही आधी ठरवावे.

४. धागा. एक दोरा काढून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटाने भुगा होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

५. रंग. बाजार मोठ्या इमारतींच्या आत आहेत आणि दिवसाही दिवे लागलेले असतात. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. तुकडा खिडकीपाशी न्यावा. एकाच रंगाच्या दोन घाण्यांमध्ये फरक पडतो, म्हणून एका ऑर्डरचा सारा माल एकाच घाण्यातला हवा, असे लिहून घ्यावे.

६. नमुना. पसंत केलेल्या तुकड्याचे दोन भाग करावेत. दोघांवर दोन्ही पक्षांनी तारखेसह सही करावी. एक त्याच्याकडे, एक आपल्याकडे. पुढे वाद झाला तर तोंडी बोलण्यापेक्षा हा तुकडा जास्त बोलतो.

हे सारे दुसऱ्याच्या मापाविषयी झाले. आपल्या मापाचे काय? कुरआनची ८३ वी सूरह मापात लबाडी करणाऱ्यांविषयीच आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग हदीसमध्ये प्रसिद्ध आहे. झोंगदामध्ये जो कटर आपण चिनी दुकानदाराच्या कापडावर चालवतो, तोच घरी आल्यावर आपल्या कापडावर गिऱ्हाइकासमोर चालवायची आपली तयारी हवी.

शिलाईच्या गल्ल्या

झोंगदाच्या बाजूलाच कांगल आणि लूज्यांग ही दोन गावे शहराने गिळून टाकली आहेत. इमारती इतक्या जवळ की समोरच्याशी हस्तांदोलन करता यावे. या गल्ल्यांत शिलाईचे असंख्य छोटे कारखाने चालत आले आहेत, आणि त्यातले पुष्कळ कारागीर हुबेई प्रांतातून आलेले. येथली एक पद्धत पाहण्यासारखी आहे. आपल्या नाक्यावर मजूर उभे राहतात आणि मुकादम निवड करतो. येथे कारखानदार हातात नमुन्याचा कपडा धरून रस्त्याच्या कडेला ओळीने उभे राहतात. शिलाई कारागीर चालत येतात, कपडा उलटून शिवणी पाहतात, नगाचा दर विचारतात, पटला तर जातात, नाहीतर पुढच्याकडे वळतात. हुन्नर ज्याच्या हातात आहे तो निवड करतो.

झोंगदाला दुपारी कापड पसंत करावे, रात्री ते या गल्ल्यांत कापून शिवले जावे, आणि लवकरच घाऊक बाजारात टांगले जावे, अशी ही साखळी. ग्वांगझूची ताकद स्वस्त मजुरीपेक्षा या जवळिकीत आहे. कापड, बटण, शिलाई, इस्त्री, वाहतूक सारे हाकेच्या अंतरावर आहे. याच शहराच्या पान्यू भागातल्या कारखान्यांच्या बळावर शीइन या कंपनीने एका नमुन्याचे आधी शंभर-दोनशे नगच करायचे, खपले तरच पुढचे करायचे, ही रीत जगभर नेली.

पण या वेगाची किंमत कोण देतो तेही सांगितले पाहिजे. चीनच्या कायद्यात आठवड्याला सरासरी ४४ तासांची मर्यादा आहे. २०२१ मध्ये पब्लिक आय या स्वित्झर्लंडमधील संस्थेने पान्यूच्या कारागिरांविषयी अहवाल दिला, त्यात आठवड्याला सुमारे ७५ तास काम केल्याचे आढळले. नोव्हेंबर २०२२ मध्ये महासाथीच्या बंदीमुळे रोजी बुडालेले हायझूच्या याच गल्ल्यांमधले कारागीर रस्त्यावर उतरले आणि पोलिसांशी त्यांची झटापट झाली. त्यानंतर प्रशासनाने येथील शिलाई धंदा छिंगयुआन या शेजारच्या शहराकडे हलवण्यावर भर दिला आहे. म्हणजे ज्या जवळिकीवर हा बाजार उभा राहिला तीच आता कसोटीला लागली आहे. मालेगाव, भिवंडीच्या बांधवांना यंत्रमाग शहराबाहेर हलवण्याच्या गोष्टी नव्या नाहीत. धंदा हलला की यंत्र नेता येते; शेजारचा रफूवाला, वायंडिंगवाला आणि उधार देणारा सूतवाला नेता येत नाही.

नमाज आणि जेवण

शहराच्या जुन्या भागात ग्वांगता रस्त्यावर ह्वाइशेंग मशीद आहे. तिचा सुमारे ३६ मीटर उंच, गुळगुळीत, गोल मिनार पूर्वी नदीतल्या जहाजांना दिशा दाखवी, म्हणून त्याला दीपमिनार हे नाव पडले. चौदाव्या शतकात आगीत मशीद जळाली आणि १३५० मध्ये पुन्हा बांधली गेली. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी ती बांधली, आणि शहरातील एका जुन्या मजारीत त्यांचीच कबर आहे, अशी चिनी मुसलमानांची परंपरा आहे. इस्लामी इतिहासग्रंथांनुसार मात्र त्यांचे निधन मदिनेजवळ अकीक येथे झाले आणि दफन जन्नतुल बकीमध्ये झाले. परंपरेचा आदर ठेवावा, इतिहासही माहीत असावा. त्या मजारीला लागून असलेल्या मशिदीत जुम्याच्या नमाजला अनेक देशांचे व्यापारी भेटतात.

जेवणासाठी ‘छिंगझेन’ हा शब्द ओळखून ठेवावा. हलाल खाणावळीच्या पाटीवर तो चिनी लिपीत, आणि कधी अरबी लिपीत ‘हलाल’ असा असतो. श्याओबेई भागात अरब, आफ्रिकी आणि शिनजियांगच्या मुसलमानांच्या खाणावळी आहेत. २०२० नंतर तेथील परदेशी वस्ती पूर्वीपेक्षा ओसरली असली तरी हा भाग व्यापाऱ्यांचाच आहे. शहरभर ‘लानझोउ’ नूडल्सची छोटी दुकाने दिसतात. ती पुष्कळदा छिंगहाय प्रांतातून आलेल्या मुसलमान कुटुंबांची असतात. इतरत्र भाजी मागितली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली किंवा स्वयंपाकाच्या दारूचा हात लावलेली असू शकते. म्हणून नुसते ‘मांस नको’ म्हणणे पुरत नाही.

जाण्यापूर्वीचा हिशोब

२०२० मध्ये थांबलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली, त्यामुळे विचारणा वाढणार. चीनमध्ये बहुतेक व्यवहार फोनवरच्या वीचॅट आणि अलीपेने होतात. २०२३ पासून त्यांत परदेशी कार्ड जोडण्याची सोय वाढली आहे. ती निघण्यापूर्वीच करून घ्यावी. कॅन्टन फेअरच्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात. ज्यांना मेळ्यात काम नाही त्यांनी ते दिवस टाळावेत.

भाव ठरवताना दुकानातला भाव धरू नये, आपल्या गोदामात माल पोचल्याचा भाव धरावा. त्यात तेथील हमाली, पॅकिंग, जहाजाचे भाडे, विमा, आयात शुल्क, आयजीएसटी, दलालाची फी आणि पैसा अडकून राहिल्याचा काळ हे सारे येते. नियम बदलतात. मार्च २०२४ मध्ये सरकारने काही कृत्रिम धाग्यांच्या विणलेल्या कापडावर किलोला साडेतीन डॉलर ही किमान आयात किंमत लावली, तेव्हा कमी भावात केलेले सौदे अर्थहीन ठरले. बयाणा देण्यापूर्वी कस्टमच्या जाणकाराला मालाचा कोड दाखवून विचारावे.

आणि आता सुरुवातीच्या धड्याकडे. ग्वांगझूत नामांकित कंपन्यांच्या घड्याळांच्या, बॅगांच्या, बुटांच्या हुबेहूब नकला मिळतात. विक्रेता त्या मागच्या खोलीतून काढतो आणि यात नफा किती ते बोटांवर दाखवतो. भारतात २००७ च्या नियमांनुसार कस्टम असा माल जप्त करू शकते, पण प्रश्न पकडले जाण्याचा नाही. दुसऱ्याचे नाव लावून विकलेली वस्तू हे खोटे बोलणेच आहे, मग गिऱ्हाइकाला ते ठाऊक असो वा नसो. अफूच्या काळातल्या व्यापाऱ्यांकडेही ‘सगळेच करतात’ हेच उत्तर होते.

आपल्या कारागिरांनी काय घ्यावे

स्वस्ताईत ग्वांगझूशी झुंज देणे आपल्या एकट्या-दुकट्या कारखानदाराला शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. तीन गोष्टी मात्र भिवंडी, मालेगाव किंवा मदनपुऱ्यात आजही करता येतील. एक, शंभर नगांची ऑर्डर हसून घ्यावी. मोठ्या ऑर्डरची वाट पाहत बसण्यापेक्षा छोटी ऑर्डर वेळेवर देणारा टिकतो. दोन, दहा शेजाऱ्यांनी मिळून एक नमुनाघर करावे, जेथे प्रत्येकाच्या कापडाचा तुकडा, पन्हा, वजन आणि खरा भाव लिहून टांगलेला असेल. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला मग दहा दारे ठोठावावी लागणार नाहीत. तीन, चांगल्या कारागिराला निवड करण्याचा मान द्यावा. दर आधी सांगावा, घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी.

इल्मसाठी चीनपर्यंत जावे, असे वचन आपल्याकडे मोठ्या आवडीने सांगतात; हदीसचे जाणकार त्याची सनद कमकुवत मानतात. पण उपयोगी ज्ञान जेथे मिळेल तेथून घेण्याला कोणाचीच मनाई नाही. ज्यांना ग्वांगझूला जाणे शक्य नाही, त्यांनी येत्या आठवड्यात एवढे तरी करावे : कटर आणि काटा घेऊन स्वतःच्याच गोदामातल्या पाच गुंडाळ्यांचे वजन, पन्हा आणि लांबी मोजावी, आणि लेबलवर जे लिहिले आहे त्याच्याशी ताडून पाहावी. फरक निघाला तर आधी लेबल बदलावे, मग विक्री करावी. बरकत देणारा अल्लाह आहे.